बोलमंडप सोडणारी कासारीण

सोनखळी गावात रंगूबाई नावाची एक कासारीण राहायची. बांगड्या काय, सगळ्याच कासारणी भरतात. पण रंगूबाईकडून बांगड्या भरल्या की त्यांच्यासोबत माहेरची खबरही मिळायची. बांगडी चढवताना बाईचा हात अडकलेला असतो आणि तोंड मोकळं असतं. मग ती बोलते. "आईला सांग, गुडघ्याला तेल लावत जा." "भावाला सांग, रुसवा सोड आता." रंगूबाई हे सगळं डोक्यात ठेवायची आणि पुढच्या गावी ज्याचं त्याला पोचवायची. डोंगराच्या कुशीत अशी बारा गावं होती. त्या सगळ्या गावांतल्या लेकी-सुना तिची वाट बघायच्या.

मग माणकशेटने बोलमंडप बांधला.

बारा गावांच्या वाटा जिथे मिळत होत्या, तिथे आठवड्याचा बाजार भरायचा. तिथेच शेटने हा भला मोठा मंडप उभारला. आत गार सावली, बसायला सतरंज्या, प्यायला वाळ्याचं पाणी. मधोमध उंच ओटा आणि त्यावर शेटचे पुकारे. पुकारे म्हणजे मोठ्या आवाजाची धट्टीकट्टी माणसं. आपलं म्हणणं त्यांच्या कानात सांगायचं, ते ओट्यावरून पुकारणार, बारा गावं एका वेळी ऐकणार. आणि हे सगळं फुकट. फुकट म्हटल्यावर माणसं विचारत नाहीत, धावतात.

माणकशेट काही राक्षस नव्हता. देवळाला तेल द्यायचा, म्हाताऱ्यांना हाताला धरून सतरंजीवर बसवायचा. फक्त मंडपाभोवतीची सगळी दुकानं त्याची होती. माणूस जितका जास्त वेळ मंडपात थांबेल, तितकी त्याची खरेदी वाढायची. म्हणून त्याने पुकाऱ्यांना एकच गोष्ट सांगून ठेवली होती, "ज्या बोलण्याने माणसं थांबतील, ते आधी पुकारा आणि जोरात पुकारा."

माणसं कशाने थांबतात, हे पुकाऱ्यांना लवकरच कळलं. कुणाचा पाऊस चांगला झाला, हे ऐकायला कुणी थांबत नाही. कुणाचं कुणाशी वाजलं, हे ऐकायला मात्र तापलेल्या दुधाचं पातेलं चुलीवर सोडूनही माणूस थांबतो.

हळूहळू गावोगावचे पार ओस पडले. झाडाखालच्या त्या ओट्यांवर पूर्वी संध्याकाळी बसायला जागा मिळत नसे. आता तिथे कुत्री झोपू लागली. रंगूबाईनेही फेऱ्या बंद केल्या. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. पाय दुखायचे थांबले. शिवाय तिची जीभ तिखट होती, पुकाऱ्यांना ती आवडायची. "सोनखळीची रंगूबाई म्हणते" असं ओट्यावरून ऐकू आलं आणि शेकडो माणसं हसली, की तिची छाती फुगायची.

रंगूबाईला एकुलती एक लेक होती, शेवंता. तिला तांबखडी गावात भांडी घडवणाऱ्या कासारांच्या घरी दिली होती. तिची सासू म्हाळसाबाई मानी बाई. तिच्या हातची भाकरी म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेली, पातळ आणि पापुद्रा सुटलेली. शेवंताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पोरीच्या आईने नारळ घेऊन विहिणीच्या दारी जायचं, मानाने बोलावणं करायचं आणि सातव्या महिन्यात लेकीला घरी आणायचं. आठवा लागला की गरोदर बाईने प्रवास करायचा नाही, हीसुद्धा रीतच.

आणि इथे रंगूबाई चुकली. तिने मनात म्हटलं, एवढ्या उन्हात तांबखडीला कोण जाणार? विहीणबाई बाजाराला येतातच की. मानाचं बोलावणं तिने पुकाऱ्याच्या कानात सांगितलं. म्हाळसाबाई त्याच मंडपात, पलीकडच्या खांबाला टेकून बसली होती. रंगूबाई उठून चार पावलं गेली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तिने सांगितलं होतं ते असं, "विहीणबाई, पोरीनं तुमच्या हातची भाकरी भरपूर खाल्ली, ती तिच्या अंगी लागलेली दिसतेय. आता थोडे दिवस तिला माझ्या हातची करपलेली खाऊ द्या. सातवा लागला की न्यायला येते."

पुकाऱ्याने ओट्यावर उभं राहून आरोळी ठोकली, "रंगूबाई म्हणते, विहिणीची भाकरी भरपूर झाली! पोरीला न्यायला येते!"

मंडप हसला. म्हाळसाबाईचा तिळपापड झाला. तिने पुकाऱ्याला बोलावून काहीतरी सांगितलं, आणि ओट्यावरून आलं, "म्हाळसाबाई म्हणते, ज्यांना भाकरी थापता येत नाही, त्यांनी बांगड्याच विकाव्यात!"

पुढच्या बाजारी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन विहिणींची जुंपलेली ऐकायला माणसं लांबून आली होती. रंगूबाईच्या शेजारणी तिला डिवचत होत्या, "बोल की गं! गप्प बसलीस तर लोक म्हणतील, हरली." रंगूबाईने पदर खोचला आणि एक झणझणीत उत्तर पुकाऱ्याच्या कानात सांगितलं. पुकाऱ्याने त्याला आणखी तिखटमीठ लावलं. हशा उसळला. शेटच्या दुकानातली जिलबी परातीत पडायच्या आधीच संपत होती.

रंगूबाईही हसत होती. हसता हसता तिची नजर पलीकडच्या खांबाकडे गेली. सासूच्या मागे शेवंता उभी होती. तिने पदराने तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

रंगूबाईचं हसू तिथेच विरलं. तिला स्वतःची अशी लाज वाटली, की ती कुणाशी न बोलता मंडपातून उठली आणि घरी गेली. सकाळी नारळ घेतला, बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतली आणि तांबखडीची वाट धरली.

म्हाळसाबाईने दारात आलेल्या विहिणीला पाणी दिलं. रीत तिने सोडली नाही. पण नारळाला हात लावला नाही. रंगूबाईने आपण मुळात काय सांगितलं होतं, ते शब्दाला शब्द सांगितलं. म्हाळसाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "असेलही तसं. पण विहीणबाई, माझ्या भाकरीला बारा गावं हसलीत. आता खरं काय ते बारा गावांनी ऐकायला पाहिजे. तोवर सून हा उंबरा ओलांडणार नाही."

"आणि आठवा लागला तर?"

"तर बाळंतपण इथंच होईल. मी काय परकी आहे का तिला?"

रंगूबाई उठली. दाराआडून शेवंता हळूच म्हणाली, "आई, काहीही कर, पण त्या मंडपात माझं नाव पुन्हा घेऊ नकोस."

परतताना रंगूबाईच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. ऐकवायचं बारा गावांना, आणि बारा गावं तर मंडपात. मंडपाशिवाय ती ऐकणार कशी? तिने शेजारणींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मंडप सोडून बोलशील कुणाशी? सगळी माणसं तिथंच आहेत." रंगूबाई म्हणाली, "सगळी तिथं आहेत, कारण सगळी तिथं आहेत. दुसरं काही कारण आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा फेरीला निघाली. पहिलं गाव निंबखोरी. तिथल्या पारावरची कुत्री हाकलली, पालापाचोळा झाडला आणि पेटी उघडून बसली. पूर्वी बायका नुसती हाक ऐकून यायच्या. आता फक्त दोघी आल्या. त्यातली एक होती तुळसा कुंभारीण. रंगूबाईने तिच्या हातात बांगड्या भरता भरता आपलं सगळं सांगितलं, स्वतःची चूकही लपवली नाही.

तुळसा म्हणाली, "माझंही असंच झालं. भावाला म्हटलं होतं, यंदा भाऊबीजेला येणं जमत नाही. पुकाऱ्यानं सांगितलं, बहिणीनं भावाला तोडलं. वर्ष झालं, आमचं बोलणं नाही." मग ती म्हणाली, "मी मडकी घेऊन चार गावं फिरते. तुझं म्हणणं मी नेते. पण पुन्हा एकदा सांग, आणि मी म्हणून दाखवते ते ऐक. चुकलं तर टोक."

तुळसाने म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला, रंगूबाईने टोकलं. दुसऱ्या वेळी बरोबर आलं, तेव्हा रंगूबाई म्हणाली, "हं, असंच."

त्या गावांमध्ये मग हीच पद्धत पडली. फिरणारी माणसं तर होतीच. कुंभारीण होती, मेंढरांमागचा धनगर होता, गाद्या भरणारा पिंजारी होता. ज्याचं बोलणं असेल त्याने सांगायचं, नेणाऱ्याने म्हणून दाखवायचं, सांगणाऱ्याने "असंच" म्हटलं की मगच न्यायचं. वाटेत मीठ घालायचं नाही आणि साखरही नाही.

गावोगावचे पार पुन्हा झाडले जाऊ लागले. प्रत्येक गावाने आपला पार आपल्या रीतीने सांभाळला. निंबखोरीत शिवी दिली की उठवत. एका गावात बायकांची वेळ वेगळी ठेवली. एका गावच्या म्हाताऱ्यांनी तर असा नियम केला, की पारावर फक्त बैलांबद्दल बोलायचं. लोक हसले, पण त्यांच्या पारावर त्यांना कोण अडवणार? तिथे ज्यांना करमलं नाही, ते शेजारच्या गावच्या पारावर जाऊन बसले. त्यासाठी त्यांना आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना मुकावं लागलं नाही, कारण निरोप सगळीकडे जातच होते.

हे सगळं छान होतं. पण हळू होतं. धनगर मेंढरांच्या चालीने चालतो आणि पिंजारी जिथे काम मिळेल तिथे मुक्काम करतो. इकडे शेवंताचा सातवा महिना सरत आला होता. रंगूबाई गावामागून गाव पायाखाली घालत होती. तिच्या टाचांना भेगा पडल्या. मंडपाकडे जाणारी माणसं तिला वाटेत भेटायची आणि म्हणायची, "अगं वेडे, तिथं एका हाकेत काम होतं!" ती माणसं खोटं बोलत नव्हती. म्हणूनच रंगूबाईला ते लागायचं.

आणि एके दिवशी माणकशेट स्वतः सोनखळीच्या पारावर आला. घोड्यावरून उतरला, धोतर सावरून रंगूबाईसमोर बसला आणि गोड बोलला.

"रंगूबाई, हकिकत कळली. वाईट वाटलं. उद्या बाजार आहे. माझे सगळे पुकारे एका सुरात पुकारतील. तुम्ही सांगाल ते, अक्षर न अक्षर. दुपारपर्यंत बारा गावं ऐकतील, दिवस मावळायच्या आत पोर तुमच्या घरी."

"आणि त्याचं तुम्हाला काय?" तिने विचारलं.

"फार काही नाही. हल्ली मंडपात गर्दी जरा कमी झालीय. बायका तुमचं ऐकतात. त्यांना एवढंच सांगा, की मंडपच बरा. तुम्हाला ओट्याजवळची जागा कायमची देतो."

रंगूबाई उठली, घागरीतलं पाणी प्यायली. लेक डोळ्यांसमोर आली. हो म्हटलं की उद्या संध्याकाळी ती या अंगणात बसलेली असेल. नाही म्हटलं तर आठवा लागेल आणि तिकडे बाळंतपण होईल, आणि विहिणींमधली ही अढी जन्मभर सुटणार नाही. मग तिला दाराआडचा तो आवाज आठवला. ती परत येऊन बसली.

"शेटजी, तुमच्या माणसांना अक्षर न अक्षर पुकारता येतं?"

"येतं म्हणजे! का नाही येणार?"

"मग त्या दिवशी का नाही पुकारलं?"

शेट हसला. तो लबाड असला तरी त्या वेळी खरं बोलला. "त्या दिवशी मला तुमची गरज नव्हती, बाई."

"बरोबर आहे," रंगूबाई म्हणाली. "आज तुम्हाला गरज आहे, म्हणून माझं बोलणं सरळ जाईल. उद्या बारशाचं बोलावणं करताना गरज नसली तर वाकडं जाईल. ते तुम्ही ठरवणार. मी माझ्या लेकीला घरी आणायला निघालेय शेटजी, तुमच्या ओट्याला बांधायला नाही."

शेट गेला. सगळ्या गावाने तोंडात बोटं घातली. रंगूबाई मात्र घरात जाऊन ओक्साबोक्शी रडली. आपण आपल्या हट्टापायी पोरीचं माहेरपण घालवलं, असं तिला वाटत होतं. तरी सकाळी तिने तोंड धुतलं, पेटी डोक्यावर घेतली आणि राहिलेल्या गावांकडे निघाली.

ती वेशीपर्यंत पोचली असेल नसेल, तोच समोरून एक बैलगाडी आली. गाडीत गवताची गादी केली होती आणि तिच्यावर शेवंता बसली होती. पुढे म्हाळसाबाई.

रंगूबाईच्या डोक्यावरची पेटी कशी खाली आली, हे तिलाही कळलं नाही. तिने लेकीला जवळ घेतलं आणि मग विहिणीकडे बघून म्हणाली, "पण विहीणबाई, बारा गावं अजून झाली नाहीत."

"ती पुरी व्हायची वाट बघितली असती तर आठवा लागला असता," म्हाळसाबाई म्हणाली. गाडीतून उतरून तिने कंबर सरळ केली. "आधी तुमची ती कुंभारीण आली. तिनं सांगितलं, माझा विश्वास बसला नाही. म्हटलं, मैत्रीण असेल तुमची. मग वरच्या गावाहून धनगर आला. मग पिंजारी. तिघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. पण तिघांनी सांगितलं ते एकच, करपलेल्या भाकरीसकट. खोटं असतं, तर कुठंतरी वाकलं असतं. त्या मंडपात तोंडं दहा असतील, पण त्यांना खाऊ घालणारा एकच आहे. हे आधी माझ्या लक्षात आलं नाही. मीही तिथं नको ते बोलले. ते पोटात घाला."

"मी आधी बोलावणंच चुकीच्या ठिकाणी केलं," रंगूबाई म्हणाली. तिने पिशवीतून नारळ काढला. तो नारळ ती रोज सोबत घेऊन फिरत होती. म्हाळसाबाईने दोन्ही हातांनी तो घेतला. शेवंता या दोघींकडे बघत रडत होती आणि हसतही होती.

ही बातमी गावभर झाली. माणसं पारावर जमली. सगळ्यांना हुरूप आला होता. एक कारभारी उत्साहाने म्हणाला, "रंगूबाई, आता आपणच मंडप बांधू! इथंच, सोनखळीला. बांबू माझ्याकडे पडलेत. बारा गावं इथं येऊ देत. पुकारे आपले ठेवू, प्रामाणिक. ओट्यावर तुम्ही बसा!"

माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी रंगूबाईच्या नावाचा जयजयकारही केला. क्षणभर तिची छाती पुन्हा तशीच फुगली. उंच ओट्यावर आपण बसलोय आणि बारा गावं मान वर करून आपल्याकडे बघतायत, हे तिला स्पष्ट दिसलं. ते तिला फार आवडलं. आणि आवडलं म्हणूनच तिला भीती वाटली.

"नको," ती म्हणाली.

"का? तुम्ही काय शेटसारख्या आहात का?"

"आज नाही. पण तुम्ही महिनाभर असा जयजयकार केलात, तर होईन. आणि मी नाही झाले, तरी माझ्यामागे त्या ओट्यावर जो बसेल त्याचं काय सांगता?"

म्हाळसाबाई तिथेच उभी होती. ती म्हणाली, "आणि आमच्या तांबखडीच्या पाराचं काय? नुकताच सारवलाय आम्ही. तो काय पुन्हा कुत्र्यांना द्यायचा?"

माणसं हसली. रंगूबाई कारभाऱ्याला म्हणाली, "बांबू द्यायचेच असतील, तर ज्या गावच्या पाराला सावली नाही, तिथं द्या. मांडव त्यांचा ते घालतील. कसा घालायचा ते आपण सांगायचं नाही."

बांबू गेले. काही गावांनी मांडव घातले, एका गावाने त्यांचा गोठा केला. रंगूबाईने त्यांनाही काही म्हटलं नाही.

माणकशेटचा मंडप अजून उभा आहे. तिथे हौसेने जाणारी माणसंही आहेत. पण आता कुणी तिथून उठून निघालं, तर त्याला जायला जागा आहे, आणि हे शेटलाही ठाऊक आहे. म्हणून हल्ली त्याचे पुकारेसुद्धा ऐकलेलं जरा नीट पुकारतात.

तात्पर्य: जिथे आपलं बोलणं वाकवायचा हक्क दुसऱ्याच्या हाती असतो, ती जागा फुकट मिळाली तरी महाग पडते. ती सोडताना दुसरा मोठा मालक शोधू नये आणि स्वतःही मालक होऊ नये. आपापली लहान जागा आपण सांभाळावी आणि एकमेकांकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात.